मोटार घेताना : आधी भाव, मग हप्ता

अलिबागच्या मासळीबाजारात पापलेटांचा वाटा समोर ठेवून कोळीण जो पहिला भाव सांगते, तो निमूटपणे मोजून देणारा माणूस आपल्या जिल्ह्यात शोधूनही सापडायचा नाही. पांढऱ्या कांद्याची माळ घेतानासुद्धा आपण ती हातात तोलतो, दोन कांदे दाबून पाहतो, "पलीकडची बाई कमी सांगते" म्हणून दोन पावले पुढे जाऊन येतो, आणि मगच पिशवी उघडतो. हाच माणूस नऊ-दहा लाखांची मोटार घ्यायला पेण-पनवेलच्या बाजूला एखाद्या शोरूममध्ये गेला, की त्याचे काय होते पाहा. थंडगार हवेत तो मऊ खुर्चीवर बसतो, पुढे आलेला कॉफीचा कप संकोचाने उचलतो, आणि पहिलाच प्रश्न विचारतो, "महिना हप्ता किती बसेल हो?"

वाचकहो, सौद्यातली निम्मी बाजी या एका प्रश्नात आपण हरून बसतो. का, ते समजून घेण्यासारखे आहे. हप्ता ही काही किंमत नव्हे. किंमत, तुम्ही रोख भरलेली रक्कम, व्याजाचा दर आणि मुदत या चार गोष्टींतून शेवटी निघणारा तो एक आकडा आहे. तुम्ही "मला दहा हजारांच्या आतला हप्ता पाहिजे" असे म्हणालात, की समोरचा तरुण मान डोलावतो आणि यंत्रावर मुदत दोन वर्षांनी वाढवतो. हप्ता दहा हजारांच्या आत येतो. किंमत एका पैशानेही उतरलेली नसते. तुम्ही मात्र आपले म्हणणे खरे झाले अशा समाधानात घरी येता.

मोटारीच्या बाबतीत आपण असे मुके का होतो, याला थोडा इतिहासही आहे. पुष्कळ वर्षे आपल्या देशात मोटारीचा भाव करायचा प्रश्नच नव्हता. अ‍ॅम्बॅसॅडर, स्टँडर्ड आणि कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघणारी फियाट, या तीन नावांत सगळा बाजार संपत असे. १९५९ साली केंद्र सरकारने मोटारींच्या वाटपावर आणि विक्रीवर नियंत्रण आणणारा हुकूम काढला. नाव नोंदवायचे, अनामत भरायची आणि पाळी येण्याची वाट पाहायची. गाडी मिळाली हेच भाग्य. तिथे भाव कोण करणार? १९८३ च्या डिसेंबरात पहिली मारुती रस्त्यावर आली, तेव्हाही रांगा होत्याच. ती टंचाई केव्हाच सरली. आज गाडी विकली जाण्याची गरज आपल्यापेक्षा विकणाऱ्याला अधिक असते. पण आपल्या अंगातला तो रांगेतला माणूस अजून उठायला तयार नाही.

तेव्हा पहिली गोष्ट अशी की, शोरूममध्ये एक सौदा होत नसतो, तीन होत असतात. नव्या गाडीची किंमत हा पहिला. तुमची जुनी गाडी ते घेणार असतील तर तिची किंमत हा दुसरा. आणि कर्ज हा तिसरा. विकणाऱ्याचे हित या तिघांची एक मोट बांधण्यात असते, कारण एका बाजूला दिलेली सूट दुसऱ्या बाजूने हळूच परत घेता येते. आपले हित ती मोट सोडून प्रत्येक सौदा निरनिराळा करण्यात आहे. पहिला संपल्याखेरीज दुसऱ्याचे नाव काढायचे नाही, आणि कर्जाविषयी कोणी विचारले तर "ते मागाहून पाहू" एवढेच उत्तर द्यायचे.

आता किमतीकडे वळू. गाडीच्या काचेवर किंवा जाहिरातीत असते ती एक्स-शोरूम किंमत. तिच्यात जीएसटी धरलेला असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून हा कर बदलला. चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि पेट्रोल असेल तर १२०० सीसी, डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंतच्या लहान गाड्यांवर तो १८ टक्के झाला, मोठ्या गाड्यांवर ४० टक्के. त्यापूर्वी २८ टक्के आणि वर उपकर असे. त्या वेळी ज्यांनी ऑगस्टातच नोंदणी केली होती त्यांना एक धडा फुकट मिळाला. नोंदणीच्या कागदावर बारीक अक्षरांत लिहिलेले असते, की गाडी ताब्यात देण्याच्या दिवशी जी किंमत असेल ती लागू. २०२५ साली हे कलम ग्राहकाच्या फायद्याचे ठरले. एरवी बहुधा ते उलट बाजूने कापते. म्हणून नोंदणीची रक्कम भरताना "इतक्या तारखेपर्यंत गाडी दिल्यास हीच किंमत" एवढे वाक्य लिहून घ्यावे. तोंडी शब्दाला तिथे काही वजन नाही.

एक्स-शोरूम किमतीवर पुढे बरेच काही चढते आणि मग ऑन-रोड किंमत होते. या चढत्या यादीतल्या कोणत्या ओळी सरकारी आहेत आणि कोणत्या दुकानदाराच्या, हे ओळखता आले की अर्धे काम झाले. सरकारी ओळीवर घासाघीस चालत नाही. करू नये, आपलेच हसे होते. महाराष्ट्रात स्वतःच्या नावावर पेट्रोलची गाडी घेतली, तर एकरकमी मोटारकर १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२ टक्के आणि त्यापुढे १३ टक्के असा आहे. डिझेलला प्रत्येक पायरीवर २ टक्के अधिक. शिवाय किंमत १० लाखांच्या पुढे गेली की विक्रेता १ टक्का कर आयकर खात्यासाठी वसूल करतो. तो विवरणपत्र भरताना वळता करून मिळतो, हे पुष्कळांना माहीत नसते आणि ते पैसे तसेच सोडून दिले जातात.

या दहा लाखांच्या उंबरठ्याकडे जरा नीट पाहा. ९ लाख ९० हजारांच्या पेट्रोल गाडीला मोटारकर येतो १,०८,९०० रुपये. सेल्समन म्हणतो, "साहेब, वीसच हजार जास्त घाला, वरचे मॉडेल घ्या." १० लाख १० हजारांना कर होतो १,२१,२०० आणि तो १ टक्का म्हणजे १०,१०० वेगळा. वीस हजारांची वाढ खिशातून त्या दिवशी ४२,४०० रुपये घेऊन जाते.

दुकानदाराच्या ओळी कोणत्या? हँडलिंग चार्जेस, लॉजिस्टिक, कागदपत्रांचा खर्च, 'आवश्यक साहित्य संच' अशा नावांनी त्या येतात. सरळ विचारावे, "ही रक्कम कोणत्या नियमाने? पावती कोणाच्या नावाची मिळेल?" आरटीओत भरलेल्या प्रत्येक पैशाची सरकारी पावती असते, जिची पावती नाही ती ओळ दुकानातली. नव्या गाडीची सुरक्षित नंबरप्लेट १ एप्रिल २०१९ पासून गाडीबरोबरच देण्याची जबाबदारी कारखान्याची आहे. तेव्हा यादीत नंबरप्लेटचे म्हणून वेगळे पैसे दिसले, तर त्यावर बोट ठेवायला हरकत नाही.

विम्याची ओळ मात्र अर्धी सरकारी, अर्धी दुकानाची आहे आणि म्हणूनच तिथे सर्वांत अधिक फसगत होते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तिसऱ्या पक्षाचा विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. त्याचा दर सरकार ठरवते. २०२२ साली ठरलेला तीन वर्षांचा दर १००० सीसीपर्यंतच्या गाडीला ६,५२१ रुपये आणि १००० ते १५०० सीसीच्या गाडीला १०,६४० रुपये, कर वेगळा, असा होता. ही रक्कम कोणत्याही कंपनीत गेलात तरी एकच. पण तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा जो भाग असतो, त्याचे दर १ जानेवारी २००७ पासून खुले झालेले आहेत. तोच विमा, तीच किंमत धरून, दोन ठिकाणी बऱ्याच फरकाने मिळू शकतो. आणि शोरूममधूनच विमा घेतला पाहिजे असे कोणतेही बंधन नाही. "सर, बाहेरचा विमा घेतला तर सूट मिळणार नाही," असे ऐकू येईल. त्यावर एकच उपाय : बाहेरचा दर कागदावर आणून टेबलावर ठेवा आणि दोन्ही बेरजा करून पाहा. पुष्कळदा तिथल्या तिथे दर उतरतो.

आपल्या किनाऱ्यावर आणखी एक ओळ हमखास येते : गंजरोधक लेप. "तुम्ही समुद्राकाठचे, गाडीचा तळ दोन वर्षांत सडेल," असा धाक घातला जातो. खारी हवा लोखंड खाते हे खोटे नव्हे. मुरूड-श्रीवर्धनकडे खिडक्यांचे गज पाहिले तरी कळते. पण आजच्या गाड्यांचे पत्रे कारखान्यातच गंजरोधक थर देऊन येतात, आणि गंजाची हमी किती वर्षांची आहे ते पुस्तिकेत छापलेले असते. ते आधी वाचावे. तळाला लेप द्यायचाच असेल तर तो शोरूममध्ये त्याच दिवशी, त्याच भावात दिला पाहिजे असे नाही. वरच्या रंगाला चकाकी आणणाऱ्या लेपाचा तर तळाच्या गंजाशी काही संबंध नाही. पावसाळ्यानंतर आणि किनाऱ्यावरच्या वाळूत गाडी नेऊन आणल्यावर गोड्या पाण्याने तळ धुणे, हे मात्र ज्याने त्याने करावे. त्याला फारसा खर्च नाही, म्हणून त्याची कोणी आठवण करून देत नाही इतकेच.

भाव करायचा कसा? कोळणीपाशी करतो तसाच : पलीकडचा भाव माहीत करून घेऊन. एकाच मॉडेलचे, एकाच रंगाचे लेखी दरपत्रक निदान तीन ठिकाणांहून घ्या. अलिबाग-पेणला एक, पनवेलला एक आणि मुंबईत एक. २०२० च्या मार्चपासून भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली. मुंबईत घेतलेली गाडी तिच्यात घालून घरी आणता येते, तेव्हा मुंबईच्या दुकानदाराचे दरपत्रक आता नुसते धाक दाखवण्यापुरते राहिलेले नाही. पत्ता इथला असला की गाडीला क्रमांक आपल्या पेणच्या कार्यालयाचा, म्हणजे एमएच-०६ मिळवता येतो. मात्र सर्व्हिसिंगला दर खेपेस मुंबईस जाणार आहात का, हेही मनाशी ठरवा. चार-पाच हजारांच्या फरकासाठी जवळचा दुकानदार दुखवण्यात शहाणपण नाही; पंचवीस हजारांचा फरक असेल तर आहे.

वेळेचाही भाव असतो. महिनाअखेर, तिमाहीअखेर आणि डिसेंबर या दिवसांत दुकानावर विक्रीचा आकडा पुरा करण्याचा तगादा असतो. दसरा-पाडव्याच्या आठवड्यात गिऱ्हाईकच मुहूर्तासाठी अडलेले असते, आणि अडलेल्याला सूट कोण देतो? मुहूर्त साधायचाच असेल तर सौदा महिनाभर आधी करून ठेवावा आणि गाडी तेवढी त्या दिवशी आणावी. डिसेंबरातली मोठी सूट घेताना एक ध्यानात ठेवा : पुढे विकायला काढाल तेव्हा गिऱ्हाईक गाडीचे वर्ष विचारील, आणि जानेवारीत घेतलेली पण आदल्या वर्षी बनलेली गाडी एका वर्षाने जुनी धरली जाईल. कारखान्याने दिलेल्या फॉर्म २२ वर बनावटीचा महिना व वर्ष असते. पैसे पुरे करण्याआधी तो कागद मागून पाहावा. गाडी आठ महिने आवारात उभी असेल तर हरकत नाही, पण तिचा भाव तसा हवा. आणि सूट म्हणून सीटकव्हर, पायपुसणी, गणपतीची मूर्ती वगैरे 'पन्नास हजारांचे साहित्य फुकट' देऊ लागले, तर म्हणावे, "त्याऐवजी वीस हजार किमतीतून कमी करा." उत्तरावरून त्या साहित्याची खरी किंमत कळते.

जुन्या गाडीविषयी थोडक्यात सांगतो. तिची किंमत आधी बाहेर दोन-तीन ठिकाणी काढून ठेवा. एक्स्चेंज बोनस म्हणून जो आकडा सांगतात, तो जुन्या गाडीच्या पडलेल्या किमतीतूनच काढलेला नाही ना, हे तेव्हाच कळेल. आणि गाडी दिली त्या दिवशी फॉर्म २९ व ३० वर सह्या करून, ताबा दिल्याची तारीख-वेळ घातलेली पावती घ्या. आरटीओच्या वहीत नाव बदलेपर्यंत मालक तुम्हीच असता, गाडी मग कोणीही कुठेही चालवीत असो.

आता कर्ज. इथे मी जरा थांबणार आहे, कारण खरे नुकसान इथे होते आणि ते सात वर्षे होत राहते.

नागावच्या बाजूचे एक परिचित गृहस्थ. घराच्या मागे सुपारी-नारळाची वाडी, पुढे चार खोल्या पर्यटकांना देतात. गाडीसाठी सहा लाखांचे कर्ज हवे होते. ९ टक्के दर, पाच वर्षे. हप्ता आला १२,४५५ रुपये. ते म्हणाले, फार होतो. दुकानातल्या माणसाने मुदत सात वर्षे केली. हप्ता झाला ९,६५३. महिन्याला २,८०० रुपये वाचले म्हणून हे खूश. आता हिशेब करू. पाच वर्षांत व्याज जाते सुमारे १,४७,३०० रुपये. सात वर्षांत जाते सुमारे २,१०,९००. म्हणजे २,८०० रुपये 'वाचवण्यासाठी' त्यांनी ६३,६०० रुपये अधिक देऊ केले. तीन वर्षे झाल्यावर गाडी विकावी लागली, तर पाच वर्षांच्या कर्जात २ लाख ७३ हजार देणे उरले असते. सात वर्षांच्या कर्जात ३ लाख ८८ हजार उरतात. गाडी दोन्हीकडे तेवढीच जुनी.

दुसरा सापळा दराच्या नावाचा. एकजण म्हणतो ९ टक्के, दुसरा म्हणतो साडेपाच टक्के. साहजिकच आपण दुसऱ्याकडे वळतो. पण त्याचा दर 'फ्लॅट' असतो : तुम्ही मुद्दल फेडीत गेलात तरी व्याज शेवटपर्यंत पहिल्या सहा लाखांवरच आकारले जाते. पाच वर्षांचे व्याज १,६५,००० आणि हप्ता १२,७५०. उतरत्या शिलकेवर आकारलेल्या १० टक्क्यांनी जो हप्ता येतो तो हाच. म्हणजे साडेपाच टक्के हे नऊ टक्क्यांहून महाग! म्हणून दर विचारताना नेहमी "उतरत्या शिलकेवर किती?" असे विचारावे.

याहून सोपी वाट आता कायद्यानेच काढून दिली आहे. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक नव्या किरकोळ कर्जाआधी ग्राहकाला मुख्य तथ्यांचे एक पत्रक देणे बंधनकारक केले आहे. त्याला केएफएस म्हणतात. प्रक्रिया शुल्क आणि कर्जाबरोबर लावलेले इतर आकार मिळवून कर्ज खरोखर वर्षाला किती टक्क्यांना पडते, तो एकच आकडा त्यात द्यावा लागतो. हे पत्रक ग्राहकाला समजेल अशा भाषेत असले पाहिजे असाही नियम आहे. तेव्हा मराठीत मागायला संकोच नको. आणि त्यातल्या अटी निदान तीन कामाचे दिवस कायम ठेवाव्या लागतात. "आजच सही करा, उद्या दर राहणार नाही," असे कोणी म्हणाले तर हा नियम त्याला शांतपणे सांगावा.

शोरूमची पायरी चढण्याआधीच आपल्या बँकेतून कर्जाची मंजुरी घेऊन ठेवणे सर्वांत उत्तम. मग ती राष्ट्रीयीकृत बँक असो, जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक असो, की पगारदारांची पतसंस्था. दुकानातून मिळणारे कर्ज वाईटच असते असे नाही. कधी ते स्वस्तही पडते. पण हातात एक मंजुरी असली की तुलना करता येते. आपले कागद दुकानदाराला "चार ठिकाणी पाठवून बघा" म्हणून देऊ नयेत. प्रत्येक ठिकाणी तुमच्या पतगुणांकाची चौकशी होते आणि थोड्या दिवसांत पुष्कळ चौकश्या झाल्या की तो गुणांक खाली येतो. बिनव्याजी योजना दिसली, तर तीच गाडी रोखीने घेणाऱ्याला किती सूट मिळते तेवढे विचारा. सोडलेली सूट हेच तिथले व्याज.

आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाची एक अडचण शहरातल्या पगारदाराला नसते. हप्ता बारा महिने सारखा; मिळकत मात्र सारखी नाही. जून-जुलैत मासेमारी बंद असते. पावसात खोल्या रिकाम्या. मे महिना, दिवाळी आणि नाताळ, एवढेच काय ते भरतीचे दिवस. नागावच्या गृहस्थांचे चुकले कुठे म्हणाल, तर हप्ता लहान पाहिजे हे त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हतेच. श्रावणात जो हप्ता झेपेल तोच खरा. पण तो लहान करण्याचा मार्ग मुदत लांबवणे हा नाही. लहान गाडी घेणे किंवा एखादा हंगाम थांबून रोख रक्कम वाढवणे, हा आहे. आणि मुदत लांब घ्यावीच लागली, तर कर्ज बदलत्या दराचे घ्यावे. व्यक्तीने धंद्याखेरीज इतर कारणासाठी घेतलेल्या अशा कर्जावर, ते १ जानेवारी २०२६ पासून पुढे मंजूर झालेले असेल तर, मुदतीआधी फेड केल्याचा दंड घेता येत नाही. मे महिन्यात हातात आलेले पन्नास हजार सरळ मुद्दलात भरावेत. स्थिर दराच्या कर्जाला मात्र दंड असू शकतो. तो करारात पाहून ठेवावा.

त्या गृहस्थांनी गेल्या दोन हंगामांत तसेच केले आहे. हप्ता नऊ हजारांचाच ठेवला, पण मे महिन्यात आणि दिवाळीनंतर जमेल ते मुद्दलात भरले. त्यांच्या हिशेबाने कर्ज पाचव्या वर्षीच संपेल. संपले की बँकेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ घेऊन गाडीच्या पुस्तकावरचा बोजा पेणच्या कार्यालयातून उतरवून घ्यायला त्यांना मी आताच सांगून ठेवले आहे. पुष्कळजण शेवटचा हप्ता भरतात आणि हे विसरतात. मग दहा वर्षांनी गाडी विकायला काढली, की बँकेची ती शाखा कुठे गेली ते शोधत फिरतात.